‘रक्तगट जुळतो का हो?’

लग्नाच्या बायोडाटामधली रक्तगटाची ओळ हा मराठी मध्यमवर्गाने विज्ञानाच्या नावावर केलेला सगळ्यात मोठा विनोद आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ (मिनिटासकट), रास, नाड, गण, उंची, वर्ण ‘निमगोरा’, आणि त्याच्याच शेजारी ‘रक्तगट: बी पॉझिटिव्ह’. वाचणाऱ्याला वाटतं, वा, घराणं पुढारलेलं दिसतंय! आणि मग हेच पुढारलेलं घराणं चार दिवसांनी फोन करून सांगतं, "स्थळ छान आहे हो, पण आमच्या मुलाचाही बी पॉझिटिव्हच आहे. मग कसं करणार?"

कसं करणार म्हणजे? सगळे करतात तसंच करणार!

हसण्यावारी नेलं असतं, पण यात खरोखरीची स्थळं मोडतात. माझी एक मावसबहीण आहे. शिकलेली, कमावती, आणि रक्तगट ओ निगेटिव्ह. तिला एका घरातून नकार आला तो ‘निगेटिव्ह’ या शब्दामुळे. जणू काही तो रक्तगट नसून तिच्या स्वभावावरचा शेरा आहे. दुसरीकडे मुलगाही ओ निगेटिव्ह निघाला. तिथे मुलाच्या काकांनी तोडगा नाही, निकालच दिला: "एक तर सारखा रक्तगट, त्यात दोघंही निगेटिव्ह. डबल रिस्क!" आता गंमत बघा. वैद्यकीयदृष्ट्या रक्तगटाच्या बाबतीत तिच्यासाठी याहून बिनघोर स्थळ शोधूनही सापडलं नसतं. कसं ते पुढे सांगतो. पण काका रिटायर्ड इंजिनियर होते, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. (इंजिनियर लोकांना हे फार लवकर होतं. मीही त्यातलाच, म्हणून सांगतो.)

तर मुद्दा नंबर एक, आणि तो अगदी सरळ आहे. नवरा-बायकोचा ए, बी, एबी किंवा ओ हा गट सारखा असल्याने मूल व्यंग घेऊन जन्मत नाही, गर्भ राहायला अडचण येत नाही, काहीही होत नाही. साधा हिशेब करा. भारतात ढोबळमानाने ओ आणि बी प्रत्येकी एक तृतीयांशाच्या आसपास, ए पाव भागाच्या आसपास आणि एबी दहा टक्क्यांहून कमी. रक्तगट न बघता लग्नं लावली तरी पंचवीस ते तीस टक्के जोडप्यांचे गट सारखेच निघणार. आपल्या आजी-आजोबांच्या काळात कुणी रक्तगट तपासत नव्हतं. म्हणजे त्या पिढीतल्या दर चार जोडप्यांमागे एका जोडप्याने हा ‘धोका’ पत्करला आणि आठ-आठ मुलं वाढवली.

हे खूळ आलं कुठून? माझा अंदाज असा की घोळ ‘रक्त’ या शब्दाचा आहे. सगोत्र नको, रक्ताचं नातं नको, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात रक्तगट नावाची चीज आली. रक्त सारखं म्हणजे नातं जवळचं, झालं समीकरण तयार! अहो, बी रक्तगटाची सगळी माणसं एकमेकांची नातेवाईक असतील तर शाळेतली प्रतिज्ञा फारच शब्दशः घ्यावी लागेल.

पण या खुळाला एक खरा, अर्धवट ऐकलेला धागाही आहे, आणि तो गंभीर आहे. तो म्हणजे आरएच. आपल्या लाल पेशींवर डी नावाचं एक प्रथिन असतं किंवा नसतं. असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. भारतात साधारण पाच टक्के लोकांमध्ये ते नसतं, युरोपात पंधरा टक्क्यांच्या आसपास, तर चीन-जपानकडे एक टक्काही नाही. निगेटिव्ह असणं हा आजार नाही. त्या माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. प्रश्न येतो एकाच परिस्थितीत: आई निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ बापाकडून ‘डी’ घेऊन पॉझिटिव्ह झालेलं.

गरोदरपणात आईचं आणि बाळाचं रक्त एरवी वेगवेगळंच वाहतं. बाळंतपणाच्या वेळी मात्र वार सुटताना बाळाच्या थोड्याशा पेशी आईच्या रक्तात शिरतात. आईच्या प्रतिकारशक्तीला ते प्रथिन नवीन. ती त्याची नोंद घेते आणि अँटीबॉडी तयार करायला लागते. पण पहिल्या वेळी हे काम संथ चालतं. तोवर बाळ घरी येऊन तेल लावून घेत असतं, म्हणून पहिलं मूल बहुतेकदा सुखरूप. दुसऱ्या खेपेला बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असेल तर मात्र आधीची नोंद तयार असते. या वेळी अँटीबॉडी लवकर, भरपूर आणि वारेतून पलीकडे जाणाऱ्या जातीच्या बनतात, आणि बाळाच्या लाल पेशी फोडत सुटतात. बाळाला पोटातच पंडुरोग होतो, अंगाला सूज येते, कधी ते पोटातच दगावतं. जन्मलं तर कावीळ इतकी चढू शकते की मेंदूला कायमची इजा होते.

आता हे ऐकून वारेला शिव्या द्यायची गरज नाही. वार ही कुरिअरवाल्यासारखी आहे. आयजीजी जातीच्या अँटीबॉडीचं पाकीट दिसलं की ती पलीकडे पोचवते, आत काय आहे ते बघत नाही. आणि याच सोयीवर प्रत्येक नवजात बाळ जगतं! आईला गोवर होऊन गेला असेल किंवा लस मिळाली असेल तर तिच्या अँटीबॉडी बाळाला पहिले काही महिने सांभाळतात. आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात त्याचं एक कारण हेच, कारण त्याआधी आईकडून आलेल्या अँटीबॉडी लशीचाच निकाल लावतात. गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन आईला देतात ते बाळासाठीही असतं. एकच रस्ता, त्यावरून औषधही जातं आणि क्वचित विषही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता मावसबहिणीच्या ‘डबल निगेटिव्ह’ स्थळाकडे या. आई निगेटिव्ह, बाप निगेटिव्ह, तर मुलं सगळी निगेटिव्ह. ‘डी’ आणणारं घरात कुणीच नाही, मग भांडण कोणाशी? दोघंही ओ, म्हणजे मुलंही ओ (वीसेक ओळींनी एक अपवाद सांगणार आहे, पण तो कोटीतला खेळ आहे). काकांनी नाकारलं ते हे! म्हणजे नियम नुसता चुकीचा नाही, तर उलटा आहे. कोडमध्ये ‘बरोबर’च्या जागी ‘बरोबर नाही’ पडलंय आणि तीस वर्षं तसंच प्रॉडक्शनमध्ये चाललंय.

याहून मला जास्त राग कशाचा येतो सांगू? अलीकडे काही ‘अभ्यासू’ मंडळी सांगत फिरतात की एकनाड म्हणजेच आरएच दोष, आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. छत्तीसपैकी आठ गुण नाडीला, ते काय उगाच? हे मी व्हॉट्सॅपवर वाचलंय, मंगल कार्यालयात पंगतीला ऐकलंय, आणि एकदा तर चक्क हापिसात, एका आर्किटेक्टच्या तोंडून.

जरा तपासून बघू. सत्तावीस नक्षत्रं, तीन नाड्या, प्रत्येकीत नऊ. म्हणजे कुठल्याही दोघांची नाड एक असण्याची शक्यता तीनात एक. आरएचचा प्रश्न येऊ शकतो ती जोडपी (बायको निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह) शंभरात पाचही नाहीत. पुढे बघा. एकनाड दोन्ही बाजूंनी सारखीच, मुलाची मुलीशी काय आणि मुलीची मुलाशी काय. आरएच तसा नाही. बायको पॉझिटिव्ह आणि नवरा निगेटिव्ह असेल तर या बाबतीत काही बिघडत नाही, उलट असेल तरच विचार करायचा. शिवाय एकनाडीत ‘सारखं’ वाईट, आरएचमध्ये ‘वेगळं’ वाईट. आणि मुख्य म्हणजे नाड ठरते जन्मवेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता त्यावरून, रक्तगट ठरतो आईबापांकडून. मुहूर्त बघून सिझेरियन एक दिवस पुढे ढकललं तर बहुधा नाड बदलेल, रक्तगट ढिम्म हलणार नाही. पाच मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या जुळ्या भावंडांची नाड एक, पण जुळी वेगवेगळ्या बीजांची असतील तर एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह खुशाल असू शकतं. ज्याला पत्रिका बघायची त्याने बघावी, मी कुणाचा हात धरत नाही. पण नाडीच्या पाटीवर विज्ञानाचं नाव लिहू नका एवढंच.

कारण पूर्वजांना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असणं शक्यच नव्हतं. कार्ल लँडस्टायनरने ए-बी-ओची भानगड शोधली ती १९०० च्या सुमारास. १९३९ साली न्यूयॉर्कमधल्या एका बाईचं मूल पोटात दगावलं, तिला नवऱ्याचं रक्त दिलं, गट जुळत असूनही तिला जबरदस्त रिअ‍ॅक्शन आली. लेव्हिन आणि स्टेट्सन यांनी ती केस छापली. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी आरएच जाहीर केला. आणि मग जे घडलं ते मला फार आवडतं. लेव्हिनच्या लक्षात आलं की आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह अशी पुष्कळ जोडपी असूनही त्रास काहींनाच होतो, आणि ज्यांचा ए-बी-ओ गट ‘जुळत नाही’ त्यांना कमी होतो! उदाहरणार्थ आई ओ निगेटिव्ह, बाळ ए पॉझिटिव्ह. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात शिरल्या की ‘ए’विरुद्धच्या तिच्या तयार अँटीबॉडी त्यांचा तिथल्या तिथे फडशा पाडतात. ‘डी’ची नोंद व्हायच्या आतच पुरावा नष्ट.

लिव्हरपूलच्या सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन यांनी हेच धरलं. (क्लार्क डॉक्टर, पण मूळचा नाद फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचा.) निसर्ग करतो तेच आपण सुईने केलं तर? म्हणजे ‘डी’विरुद्धच्या अँटीबॉडी आईला बाहेरून टोचायच्या, म्हणजे बाळाच्या पेशी साफ होतील आणि तिची स्वतःची यंत्रणा जागीच होणार नाही. त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक यांचं हेच काम चालू होतं. १९६८ मध्ये अमेरिकेत ‘अँटी-डी’ला परवानगी मिळाली. आज अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. काहीच न करता अशा आयांपैकी सुमारे १६ टक्के बाधित व्हायच्या, बाळंतपणानंतरच्या इंजेक्शनने ते दोन टक्क्यांच्या खाली आलं, आणि गरोदरपणातलंही दिलं की हजारात एक-दोन.

बास. एवढंच. ज्या गोष्टीसाठी काका स्थळ मोडतात तिचं उत्तर काही हजार रुपयांत मिळतं. इतक्यात तर आजकाल हळदीच्या कार्यक्रमाची फुलंही येत नाहीत.

हे इंजेक्शन अजूनही बहुतांशी माणसांच्याच रक्तापासून बनतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन या गृहस्थांच्या रक्तात ही अँटीबॉडी भरपूर होती. वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत, २०१८ पर्यंत, त्यांनी ११७३ वेळा दान केलं. तिथली रक्तसेवा म्हणते की त्यातून चोवीस लाख बाळांना फायदा झाला. २०२५ मध्ये ते गेले. त्यांना सुईची भीती वाटायची म्हणे. दान करताना ते सुईकडे बघायचेच नाहीत.

आणि इतकं सगळं तयार असून जगभरात गरज असलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांना ते मिळत नाही असा अंदाज आहे. आमच्या टीममधल्या एकीचं सांगतो. तिच्या परवानगीने, नाव-गाव गाळून. पहिल्या खेपेला चौथा महिना संपताना गर्भपात झाला. ती तेव्हा माहेरी होती. दवाखान्यात सगळं केलं, सलाईन लावलं, घरी पाठवलं. रक्तगट कुणी विचारला नाही. तिच्या बायोडाटावर तो ठळक अक्षरांत छापलेला होता बरं का! ए निगेटिव्ह. लग्नाच्या वेळी तीन घरांनी त्यावर चर्चा केली होती. जिथे तो बघायला हवा होता तिथे कुणी बघितला नाही. दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले, शहरात तपासणी झाली, इनडायरेक्ट कूम्ब्ज टेस्ट पॉझिटिव्ह. एकदा हे झालं की अँटी-डीचा उपयोग नसतो, नोंद पुसता येत नाही. मग दर पंधरवड्याला सोनोग्राफी, बाळ वेळेआधी काढलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याचं रक्त बदलावं लागलं. मुलगा आता शाळेत जातो, ठणठणीत आहे. पण नऊ महिने ती ज्या चेहऱ्याने मीटिंगला बसायची तो मला आठवतो.

म्हणून हे नीट वाचा: बाळंतपणच नव्हे, तर गर्भपात, गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा, पोटाला मार, गर्भजलाची तपासणी, यांतही निगेटिव्ह बाईने डॉक्टरला अँटी-डीबद्दल विचारायचं. बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपातात ते देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटलंय, सगळे डॉक्टर ते मानतात असं नाही. तो वाद डॉक्टरांनी घालू दे. पण औषधाच्या दुकानातून गुपचूप गोळ्या आणून मोकळं होणाऱ्यांना किती आठवडे झाले हेच धड माहीत नसतं, मग विचारणार कुणाला?

आणि ओ गटाच्या आईचं ए किंवा बी बाळ? त्यात पहिल्याच खेपेला थोडी कावीळ होऊ शकते, बहुतेकदा निळ्या दिव्याखाली दोन दिवस ठेवून भागते. स्थळ मोडण्याइतकं त्यात काही नाही.

आता काकांची खरी विसंगती. सारख्या रक्तगटाला घाबरणारी हीच मंडळी स्थळ मात्र जातीतलंच बघणार, शक्यतो पोटजातही तीच, आणि कित्येक घरांत मामाची मुलगी पहिली पसंती! अहो, ‘सारखं रक्त’ याला म्हणतात. आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात. दोघांत एखादं दबून राहिलेलं सदोष जनुक सारखंच असण्याची शक्यता तिथे वाढते, बी पॉझिटिव्ह असण्याने नाही.

याचं नमुनेदार उदाहरण आपल्याच शहराचं नाव घेऊन जगात फिरतंय. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेला एक नवा रक्तगट ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. ए आणि बी ज्या पायावर बांधले जातात तो एच नावाचा पायाच या लोकांत नसतो. आईबाप दोघांकडून तेच दबलेलं जनुक आलं तरच हे होतं, म्हणून नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतं. मुंबई परिसरात दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. (मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. असा माणूस वरवरच्या तपासणीत ‘ओ’ दिसतो, पण मुलांना ए किंवा बी देऊ शकतो.) आणि त्याला ओ रक्त दिलं तर जिवावर बेततं. विचार करा, बाळंतपणात रक्तस्राव होतोय आणि बायोडाटावरच्या ‘ओ’वर विश्वास ठेवून बाटली आणली! म्हणून रक्तपेढीत रिव्हर्स ग्रुपिंग आणि क्रॉसमॅच करतात, बायोडाटा मागत नाहीत.

तरी बॉम्बे गट दुर्मिळ. थॅलेसेमिया नाही. भारतात तीन ते चार टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत, स्वतः अगदी ठीक, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी आणि वर्षानुवर्षं उगाच लोहाच्या गोळ्या. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक खेपेला पंचवीस टक्के शक्यता, की मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त भरावं लागेल, जन्मभर. साडेतीन टक्के धरा: कुणीही कुणाशी लग्न केलं तर आठशेत एक जोडपं असं निघेल. पण एखाद्या समाजात वाहक दहा टक्के असतील आणि लग्नं आतल्या आतच होत असतील, तर शंभरात एक. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत हे प्रमाण सरासरीपेक्षा जास्त आहे. त्यांच्यातल्या अनेक संस्था लग्नाआधी तपासणी शिबिरं घेतात. त्यांना मानलं पाहिजे.

ही जनुकं टिकली कशी? मलेरियामुळे. वाहकाला मलेरिया कमी छळतो, म्हणून तो जगला. थॅलेसेमियाबद्दल ही कल्पना हाल्डेनने १९४९ मध्ये मांडली (हाच माणूस पुढे भारतात आला, भारतीय झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला). सिकलसेलचंही तसंच, आणि तो आपल्या विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात भरपूर आहे. २०२३ च्या जुलैत शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्यात तपासणी झालेल्याला कार्ड मिळतं, लग्न ठरवताना दोन कार्डं शेजारी ठेवून बघावीत म्हणून. म्हणजे पाड्यावरच्या मुलीकडे जे कार्ड आहे ते कोथरूडच्या एमबीए मुलीकडे नाही. तिच्याकडे ‘मध्य नाड, देवगण, बी पॉझिटिव्ह’.

एचपीएलसी नावाची तपासणी आहे. आयुष्यात एकदा करायची. दोघांच्या एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा स्वस्त. एकाची नॉर्मल आली की बीटा थॅलेसेमिया मेजर आणि सिकलसेलची काळजी जवळजवळ मिटलीच. दोघंही वाहक निघाले तरी काकांना फोन करायचा नाहीये. सायप्रसमध्ये १९८० च्या दशकापासून लग्नाआधी ही तपासणी करून घेतात, चर्चच दाखला मागतं. तिथे वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्नं मोडली नाहीत. लग्न केलं, आणि दिवस गेल्यावर दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करून घेतली. तिथे थॅलेसेमियाची नवी बाळं जन्मणं जवळपास थांबलं.

आता "पण आमच्या आत्याच्या जावेचं सारख्या रक्तगटामुळेच झालं होतं" अशा मेल येणार हे मला माहीत आहे. जरूर पाठवा. फक्त सोबत कूम्ब्ज आणि एचपीएलसीचे रिपोर्ट जोडा.